मश्रूम म्हणजे चिकन नव्हे

मश्रूममध्ये चिकनइतकं प्रोटीन असतं, हे वाक्य धादांत खोटं आहे. आषाढ संपत आला, गटारीच्या पार्ट्या उरकल्या आणि श्रावण लागला, की ते दरवर्षी नव्याने फिरायला लागतं. मोबाइलवर येतं, हॉटेलच्या मेनूकार्डावर ‘शाकाहारींचं चिकन’ असं रुबाबात छापलं जातं, जिममधला एक पोरगा दुसऱ्याला खात्रीने सांगतो आणि घरातल्या मोठ्यांपर्यंत पोचेस्तोवर त्याचं शास्त्र होतं. कुणी आकडे विचारत नाही, म्हणून आज आकड्यांपासूनच सुरुवात करतो.

शंभर ग्रॅम ताज्या पांढऱ्या बटण मश्रूममध्ये प्रोटीन असतं साधारण ३ ग्रॅम, फार तर साडेतीन. शंभर ग्रॅम कच्च्या, कातडी काढलेल्या चिकनच्या छातीच्या मांसात २२ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे सातपट. शंभर ग्रॅम चिकनची बरोबरी करायची, तर सातशे ग्रॅम मश्रूम खावं लागेल. बाजारात मिळतं ते पाकीट दोनशे ग्रॅमचं. साडेतीन पाकिटं, एका माणसाला, एका जेवणाला. तुमच्या गावचा भाव घाला आणि गुणाकार करून बघा.

आणखी एक आकडा देतो, तो लक्षात ठेवायला सोपा आहे. शंभर मिलीलिटर दुधातही प्रोटीन ३ ग्रॅमच्या वरच असतं. अख्खं पाकीटभर मश्रूम आणि पेलाभर दूध, दोन्हींत प्रोटीन सारखंच. एका अंड्यातही तेवढंच, सहा ग्रॅम. आता सांगा, दुधाच्या पेल्याला कुणी ‘शाकाहारींचं चिकन’ म्हणतं का?

मग हा दावा आला कुठून? तो हवेतून आलेला नाही. वाळवलेल्या मश्रूमचं प्रोटीन मोजलं, तर ते वजनाच्या २० ते ३५ टक्के भरतं. हा आकडा खरा आहे आणि तोच उचलून सगळीकडे चिकटवला जातो. ताज्या मश्रूममध्ये ९२ टक्के पाणी असतं. पाणी काढून टाकलं, की उरलेल्या चिमूटभर वजनात प्रोटीनची टक्केवारी फुगणारच. पण पाणी काढायचं तर दोघांचं काढा! कच्च्या चिकनमध्ये ७५ टक्के पाणी असतं. ते काढलं तर उरलेल्या वजनात ८५ टक्क्यांहून जास्त प्रोटीन निघतं. मश्रूम वाळवून मोजायचं आणि चिकन ओलं मोजायचं, ही सरळ सरळ फसवणूक आहे. तराजूच्या एका पारड्याखाली बोट लावणाऱ्या दुकानदाराला आपण चार शब्द सुनावतो, मग इथे गप्प का बसतो?

फसवणुकीचा दुसरा थर जरा खोल आहे. प्रयोगशाळेत प्रोटीन बहुधा थेट मोजत नाहीत. आधी नत्र मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात, कारण प्रोटीनमध्ये नत्राचा वाटा साधारण १६ टक्के असतो. मांस, डाळ, दूध यांना हा हिशेब बऱ्यापैकी लागू पडतो. मश्रूममध्ये मात्र नत्राचा एक भाग प्रोटीनबाहेर असतो. त्याच्या पेशींच्या भिंती कायटिनच्या असतात, खेकड्याचं कवच आणि झुरळाची पाठ ज्याची बनते तेच हे द्रव्य, आणि त्यातही नत्र असतं. म्हणून जाणकार मश्रूमसाठी ६.२५ ऐवजी ४.३८ ने गुणतात. ज्याने जुन्याच आकड्याने गुणलं, त्याचं प्रोटीन कागदावर चाळीस टक्क्यांनी वाढलं. कागदावर वाढलेलं प्रोटीन अंगी लागत नाही. त्यात कायटिन पचायला जड, त्यामुळे मश्रूममधलं जे काही प्रोटीन आहे, तेही चिकनइतकं सहज पदरात पडत नाही.

हे सगळं वाचायचा कंटाळा असेल, तर गॅसपाशी उभे राहा. पाकीट फोडा, मश्रूम चिरा, कढईत टाका आणि चिमूटभर मीठ घाला. सुरुवातीला काठोकाठ भरलेली कढई दोन मिनिटांत पाझरायला लागते. तळाला करडं पाणी साचतं, फोडी त्यात बुडून कुचकुच आवाज करतात. पाणी आटेपर्यंत ढवळत राहिलात, की कढईच्या तळाशी तपकिरी फोडींचा एक पातळसा थर उरतो. चार माणसांची भाजी म्हणून आणलेलं पाकीट दोघांना पुरत नाही, हे प्रत्येक गृहिणीने पाहिलेलं आहे. जे आटून गेलं ते पाणी होतं. ज्याच्या नावावर चिकनचा दर लावला, तेच ते.

हॉटेलात तर याहून पुढचा प्रकार असतो. ‘मश्रूम हंडी’ मागवली, की काजूची पेस्ट, लोणी आणि साय यांच्या दाट रश्शात सात-आठ फोडी तरंगत येतात. त्या वाटीतलं प्रोटीन मोजलं, तर मश्रूमपेक्षा काजूचा वाटा मोठा निघू शकतो. उष्मांकांचं तर विचारूच नका. शंभर ग्रॅम मश्रूमचे उष्मांक अवघे २२ ते २५, हा त्याचा मोठा गुण. तो गुण लोण्यात बुडवून मारायचा आणि वर त्याला आरोग्यदायी म्हणायचं, हे मला पटत नाही.

आता कुणी म्हणेल, एका भाजीवरून एवढं कशाला तापायचं? खाऊ दे की लोकांना. खाऊ देच, मश्रूम उत्तम खाणं आहे, त्याकडे येतो. पण या खोट्या बरोबरीची किंमत कुणीतरी मोजत असतं. ओळखीतल्या एका घरी सून सहा महिन्यांची गरोदर होती. श्रावणात घरात अंडंसुद्धा बंद. मी सासूबाईंना विचारलं, “काकू, हिच्या प्रोटीनचं काय?” त्या अगदी निश्चिंतपणे म्हणाल्या, “अहो, आठवड्यातून दोनदा मश्रूम करते ना तिच्यासाठी! चिकनला तोडीस तोड असतं.” त्यांच्या मायेत काही खोट नव्हती. खोट होती ती त्यांच्यापर्यंत पोचलेल्या माहितीत.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा हिशेब आहे, किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रोटीन. ५५ किलोच्या बाईला रोज ४६ ग्रॅमच्या जवळपास. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत त्यावर आणखी २२. म्हणजे रोज ६८. पहिले ४६ ग्रॅम नुसत्या मश्रूममधून काढायचे, तर दीड किलो मश्रूम रोज! आठवड्यातून दोनदा वाटीभर भाजीने काय होणार? आणि त्याच स्वयंपाकघरात, हाताच्या अंतरावर, तूरडाळीचा डबा, मटकी, शेंगदाणे, दह्याचं भांडं हे सगळं होतं. मश्रूमवर भरवसा टाकला म्हणून त्यांच्याकडे कुणी वळून पाहिलं नाही. माझा राग आहे तो इथे.

वयस्कर माणसांचंही हेच होतं. दात गेलेले, मांस चावत नाही, डाळीने पोट फुगतं अशी तक्रार, मग मुलगा प्रेमाने मश्रूमचं सूप आणतो. बाबांना प्रोटीन मिळालं म्हणून दोघंही खूश. त्या वाटीत असतं मैद्याचं दाटपण, थोडी साय आणि मश्रूमचे चार काप. उतारवयात स्नायू झिजत असतात, तेव्हा माणसाला खरं प्रोटीन लागतं. बाबांना मऊ उकडलेलं अंडं द्या, घट्ट वरण द्या, दही द्या, मुगाचं धिरडं द्या.

एवढ्यावरून चिकनवाल्यांनी कॉलर ताठ करू नये. त्यांच्याही ताटात बरंच काही खोटं वाढलेलं आहे.

पहिली गोष्ट रश्शाची. “पोरीला चिकनचा रस्सा दिला, ताकद येईल,” हे आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. रश्शात ताकदीचं नाव असतं, प्रोटीन फोडींत असतं. तांबडा असो की पांढरा, मसाला, तेल, खोबरं आणि मीठ यांनी तो चविष्ट होतो, पण मांसातलं प्रोटीन मांसातच राहतं. आणि या फोडी कुणाच्या ताटात पडतात? आधी पुरुषांच्या, मग मुलग्यांच्या. शेवटी जेवायला बसलेल्या बाईच्या वाट्याला पातेल्याच्या तळाचा रस्सा आणि एखादं मानेचं हाड. रविवारी घरात किलोभर चिकन शिजलं म्हणजे घरातल्या सगळ्यांनी चिकन खाल्लं असं होत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायका रक्तक्षयी निघाल्या, आणि पाच वर्षांखालची जवळजवळ ६९ टक्के मुलं. ज्या राज्यात मांस खाणारी घरं एवढी आहेत, तिथली ही अवस्था.

दुसरी गोष्ट लोह आणि बी-१२ ची. चिकन खाल्लं की रक्त वाढतं, असं छातीठोकपणे सांगतात. छातीच्या शंभर ग्रॅम शिजलेल्या मांसात लोह असतं जेमतेम १ मिलिग्रॅम. ते अंगी चांगलं लागतं हे खरं, पण मुळात थोडकं. बी-१२ असतं ०.३ मायक्रोग्रॅमच्या आसपास, गरज दोनच्या वर. मश्रूममध्ये तर ते जवळपास नाहीच. या दोन्ही गोष्टी भरभरून असतात कलेजीत, आणि ‘बोनलेस’ची चटक लागलेल्या पिढीने ती खाणंच सोडलं. दुकानात सगळ्यात स्वस्त तीच. सांगायची गंमत म्हणजे, बी-१२ साठी साधं दूध या पांढऱ्याशुभ्र ब्रेस्ट पीसला मागे टाकतं. तंतूंचं म्हणाल तर चिकनमध्ये शून्य. मश्रूममध्ये शंभर ग्रॅमला एखादा ग्रॅम. क जीवनसत्त्वासाठी दोघांचाही उपयोग नाही, तिथे ताटातलं लिंबू आणि कोशिंबीरच कामाला येते.

तिसरी गोष्ट भीतीची. ब्रॉयलर कोंबडीला हार्मोनची इंजेक्शनं देऊन फुगवतात, ही समजूत चुकीची आहे. सहा आठवड्यांत दोन किलोची कोंबडी होते ती जातीची पिढ्यान् पिढ्या केलेली निवड आणि तोलून-मापून दिलेलं खाद्य यांमुळे. पण काळजी करायची तर अँटिबायोटिकची करा. कोलिस्टिन हे माणसाच्या अगदी शेवटच्या उपायाचं औषध कोंबड्यांच्या खाद्यात जात होतं. सरकारने त्यावर बंदी घातली ती २०१९ साली. अफवेने घाबरणारे आपण या खऱ्या प्रश्नावर मात्र गप्प असतो. २०२० च्या सुरुवातीला कोरोना चिकनमधून पसरतो अशी आवई उठली आणि राज्यातल्या कुक्कुटपालकांचं कंबरडं मोडलं. आवई उठवणाऱ्याला नंतर कुणी जाब विचारला नाही.

मग मश्रूम खायचं कशासाठी? त्याच्या स्वतःच्या गुणांसाठी. आणि ते गुण थोडके नाहीत.

सगळ्यात मोठा गुण ड जीवनसत्त्वाचा आणि तोच आपण वाया घालवतो. मश्रूममध्ये अर्गोस्टेरॉल नावाचं द्रव्य असतं. त्यावर उन्हातले अतिनील किरण पडले, की त्याचं ड-२ जीवनसत्त्व होतं. बटण मश्रूम वाढतं अंधाऱ्या खोलीत, म्हणून पाकिटातल्या मश्रूममध्ये ते नावापुरतंच असतं. पण तोडून झाल्यावरही ही क्रिया होते! मश्रूम चिरा, ताटलीत एका थरात पसरा, छत्रीखालच्या तपकिरी घड्या वर करा आणि भर दुपारच्या उन्हात, काचेआड नव्हे, गच्चीत किंवा अंगणात, अर्धा तास ठेवा. शंभर ग्रॅमला दहा मायक्रोग्रॅम आणि त्याहून जास्त ड जीवनसत्त्व तयार होऊ शकतं. मोठ्या माणसाची रोजची गरज पंधरा. चिकनमध्ये ते जवळजवळ नसतंच, आणि शाकाहारी माणसाला इतकं स्वस्त ड जीवनसत्त्व दुसऱ्या कुठल्या भाजीत मिळणार? मश्रूमची जाहिरात करायचीच असेल, तर ही करा ना!

शिवाय ब गटातली रायबोफ्लेविन आणि नायसिन, तांबं, सेलेनियम, पोटॅशियम हे सगळं त्यात असतं. सोडियम नगण्य. ग्लुटामेट भरपूर, त्यामुळे मांसासारखी भरीव चव येते आणि मीठ कमी घातलं तरी चालतं. जीभ फसते ती या ग्लुटामेटमुळे, आणि जिभेचा निवाडा आपण पोषणाचा निवाडा समजून बसतो. या चवीचा खरा उपयोग वेगळाच आहे. खिमा करताना अर्ध्या मांसाऐवजी बारीक चिरलेलं मश्रूम घाला. चव उतरत नाही, चरबी आणि उष्मांक मात्र उतरतात. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलची चिंता असलेल्या मांसाहारी घरांत हा पदार्थ आठवड्याचा व्हायला हवा.

गोव्यात पावसाळ्यात रोंयणीवर, म्हणजे वारुळावर, उगवणारी अळमी, म्हणजे रानटी मश्रूम, पानात बांधून विकायला येतात. वाळवीच पोसते ती बुरशी, माणसाला तिची शेती साधलेली नाही. म्हणून भाव चढाच असतो. अळम्यांची शागोती अगदी चिकनच्या शागोतीच्या मसाल्यात होते, पण ती खाणारा गोंयकार प्रोटीन मोजत बसत नाही. चवीसाठी खातो, मोसमाचा मान म्हणून खातो. मश्रूमचा याहून चांगला सन्मान मला ठाऊक नाही.

धर्माचा मुद्दा श्रावणात निघतोच, म्हणून सांगतो. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांनी काय खाऊ नये याची यादी आहे. तिथे गावठी कोंबडा आणि छत्राक, म्हणजे आपलं मश्रूम, एकाच श्लोकात वर्ज्य ठरवलेत, लसूण आणि कांद्याच्या सोबतीने. जीवशास्त्राने विचारलं तरी मश्रूम ही वनस्पती नाही. बुरशीचं सृष्टीत वेगळं राज्य आहे आणि नात्याने ती झाडांपेक्षा प्राण्यांना जवळची. तेव्हा चिकन टाकून मश्रूम खाल्ल्याने पुण्य वाढतं, असं सांगणाऱ्याने आधी आपलंच पुस्तक उघडावं. ज्याला श्रावण पाळायचाय त्याने श्रद्धेने जरूर पाळावा. त्या श्रद्धेला खोट्या पोषणाचा टेकू कशाला हवा?

शाकाहारी माणसाला प्रोटीनसाठी चिकनची नक्कल करायची गरजच नाही. चाळीस ग्रॅम बेसनाचं पिठलं आणि शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकऱ्या. बेसनातून आठ-नऊ ग्रॅम, ज्वारीतून दहाच्या आसपास. बेरीज अठरा-एकोणीस. शंभर ग्रॅम चिकनच्या अगदी शेजारी जाऊन बसणारा हा आकडा आहे. प्रोटीनच्या पचनात चिकन सरस, हे मान्य आहे. पण ज्वारीत कमी पडणारं लायसिन बेसन भरून काढतं, आणि वर मूठभर शेंगदाण्यांची चटणी घेतली की आणखी पाच-सात ग्रॅमची भर. तीस ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांत पंधरा ग्रॅम. पन्नास ग्रॅम पनीरमध्ये नऊ. हे सगळं वाण्याकडे मिळतं, वर्षभर मिळतं.

सोयाबीनच्या भुशावर, भाताच्या पेंढ्यावर धिंगरी मश्रूम पिकवणाऱ्या बचत गटातल्या बायांना माझं विशेष सांगणं आहे. तुमचा माल चांगला आहे. वाया जाणाऱ्या काडातून तुम्ही अन्न काढता, शेड छोटी असली तरी चालते, महिन्याभरात पीक हाती येतं. त्या पिशवीवर ‘चिकनपेक्षा जास्त प्रोटीन’ असं छापू नका. गिऱ्हाईक एकदा फसतं, दुसऱ्यांदा येत नाही. ‘उन्हात ठेवा, ड जीवनसत्त्व मिळवा’ असं छापा. खरं आहे, आणि कोंबडीवाला ते छापू शकत नाही.

आणि पावसाळा आहे म्हणून एक शेवटचं. रानात, बांधावर, उकिरड्यावर उगवलेली ओळख नसलेली छत्री उचलून कढईत टाकू नका. विषारी जाती शिजवल्याने बिनविषारी होत नाहीत, आणि काही जातींचं विष यकृतावर घाला घालेपर्यंत बरेच तास काहीच जाणवत नाही. पाकिटातलं मश्रूम आणा, शिजवूनच खा, शिजवण्याआधी ऊन दाखवा. आणि त्याच ताटात वाटीभर घट्ट वरण वाढा, आधी घरातल्या बाईच्या पानात.